डॉ. कोटणीसांचे नाव आणि सुईची कसोटी

अ‍ॅक्युपंक्चर म्हटले की अनेकांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. लुधियानात त्यांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही आहे. स्वतः कोटणीस मात्र शल्यचिकित्सक होते. त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईत घेतले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. सहकारी परतले, तरी ते तिथेच थांबले. बेथून रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी 1941 मध्ये विवाह केला. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, 9 डिसेंबर 1942 रोजी, फिटच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय होते अवघे 32.

सुयांची विद्या भारतात आणली ती याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ती शिकून त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले.

पुढे खऱ्या आणि नकली सुयांची तुलना करणारे प्रयोग झाले. जुनी पाठदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी यांत काही रुग्णांना आराम पडतो. मात्र नकली सुईनेही बराच फरक पडतो, असे दिसले. ज्या आजाराने कोटणीस गेले, त्या फिटवर सुया उपयोगी पडतात, असा भक्कम पुरावा नाही. म्हणून सुया टोचून घेतल्या, तरी फिटच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.