कै. बाळासाहेब खेर

आपल्या स्मरणिकेत एका तरी थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी बाळासाहेब खेरांचे नाव सुचविले तेव्हा बैठकीत दोघीतिघींनी हे कोण म्हणून विचारले. आपल्याच रत्नागिरीत जन्मलेला, मुंबई इलाख्याचा कारभार दोन वेळा हाकलेला माणूस आपल्याला नावानेही ठाऊक नसावा याचे मला नवल वाटले, आणि म्हणूनच हट्टाने हे नाव कायम केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून पुस्तके आणून दुपारच्या वेळी वाचली, त्यातून जे उमगले ते लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

बाळ गंगाधर खेर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीस झाला. नाव थेट लोकमान्यांचेच, बाळ गंगाधर! घर मध्यम स्थितीतले. मुंबईच्या विल्सन कॉलेजातून ते १९०८ साली बी. ए. झाले, पुढे कायद्याचा अभ्यास करून १९१८ च्या सुमारास सॉलिसिटर झाले. धंद्यात जम चांगला बसला होता. पण गांधीजींच्या चळवळीची हाक आली आणि हा चांगला मिळवता माणूस १९३० साली तुरुंगात गेला, १९३२ साली पुन्हा गेला. तोवर मोठा पुढारी म्हणून त्यांचे नाव झालेले नव्हते. स्वच्छ, सौम्य, कामसू गृहस्थ अशीच त्यांची ख्याती होती.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वतःचा कारभार मिळाला आणि १९३७ च्या आरंभी निवडणुका झाल्या. त्या वेळचा मुंबई इलाखा म्हणजे आपले कोकण, देश, खानदेश, शिवाय गुजरात आणि कर्नाटकाचाही भाग. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. आता विधिमंडळ पक्षाचा नेता निवडावयाचा होता, कारण जो नेता तोच प्रांताचा पंतप्रधान. (१९५० पर्यंत प्रांताच्या मुख्यासही पंतप्रधानच म्हणत.) सर्वांच्या मते हा मान वीर नरिमन यांचा होता. खुर्शेद फ्रामजी नरिमन हे मुंबईचे पारशी वकील. बॅकबेच्या भरावाच्या कामातला घोटाळा त्यांनी सरकारला न भिता चव्हाट्यावर आणला होता. मुंबईचे ते महापौर झाले होते आणि मुंबई काँग्रेसचे अध्यक्षही होते. पण मार्च १९३७ मध्ये पक्षाची सभा भरली आणि नेतेपदी निवड झाली ती खेरांची.

मुंबईत केवढी खळबळ माजली! सरदार वल्लभभाईंनी आपले वजन खर्चून नरिमन यांना डावलले असा बोभाटा झाला. सरदारांचे म्हणणे असे की १९३४ च्या निवडणुकीत नरिमन पक्षाशी नीट वागले नाहीत. गांधीजी आणि बहादुरजी नावाचे पारशी कायदेपंडित यांनी चौकशी केली आणि निकाल नरिमन यांच्या विरुद्ध गेला. मौलाना आझादांनी मात्र पुढे आपल्या आत्मवृत्तात नरिमन यांच्यावर अन्याय झाला असेच लिहून ठेवले. मला विचाराल तर दोन्ही बाजू वाचूनही माझे मन नरिमन यांच्याकडे झुकते. ज्याने पंगतीसाठी राबावे त्याच्याच पानावरून वाढपी पुढे जावा, तसे ते झाले. मात्र यात खेरांनी स्वतः काही डावपेच केल्याचे मला कोठे आढळले नाही. खुर्ची त्यांच्याकडे चालत आली. प्रश्न एवढाच उरला, की अशा वादातून आलेल्या खुर्चीवर बसून हा मवाळ माणूस करणार काय?

जुलै १९३७ मध्ये मंत्रिमंडळ अधिकारावर आले. काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना पाचशे रुपयेच पगार घ्यावयाचा असे ठरले होते, तो त्यांनी घेतला. शिक्षणावर खेरांचा विशेष जीव. १९३९ साली मुंबईत प्रौढांना अक्षरओळख करून देण्याची मोठी मोहीम झाली. चाळीचाळींतून रात्रीचे वर्ग भरले आणि त्यांत बायाही पाटी घेऊन बसल्या. हंसाबाई मेहता या विदुषी याच राजवटीत संसदीय चिटणीस होत्या. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. ती यशस्वी झाली की नाही यावर पुरुषमंडळींचे वाद अजून चालतात. गिरणीतला पगार वाटेत न सांडता घरी आला, तो ज्या बाईच्या हातात पडला तिला कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

सगळेच काही गोड नव्हते. आपल्या जिल्ह्यात खोती काय होती हे जुन्या घरांतून अजून ऐकू येते. कुळाने पिकवावे आणि खोताने न्यावे. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर आला. त्यांतले कितीतरी जण खेरांच्याच रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने आलेले. पण त्या राजवटीत खोती काही गेली नाही. त्याच वर्षी कामगारांच्या संपावर बंधने घालणारे विधेयक सरकारने आणले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध मोठा संप झाला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तरीही कायदा झालाच. सौम्य माणसाच्या कारकीर्दीत असे का व्हावे, हे मला उलगडत नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले. व्हाइसरॉयांनी येथल्या कोणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेसने सर्व प्रांतांतील मंत्रिमंडळांना राजीनामे देण्यास सांगितले आणि नोव्हेंबरच्या आरंभी खेरांनी खुर्ची सोडली. सव्वादोन वर्षांचा संसार मांडलेला तसाच टाकून ते उठले. पुढल्याच वर्षी त्यांनी ठाणे जिल्ह्यातील वारली, कातकरी यांच्यासाठी आदिवासी सेवा मंडळ काढले. नंतर पुन्हा तुरुंग, १९४२ चा तर सर्वांनाच.

१९४६ साली निवडणुका झाल्या, पक्षाने त्यांनाच परत नेता निवडले आणि या खेपेस नेतेपदावरून वाद झाला नाही. या दुसऱ्या कारकीर्दीतले एक काम असे आहे की त्यासाठी तरी त्यांचे नाव आपल्याला माहीत असावयास हवे. १९४६ सालीच मुंबई प्रांताने हिंदूंत एक बायको असता दुसरी करण्यास बंदी करणारा कायदा केला. असे दुसरे लग्न मुळात लग्नच नव्हे, आणि करणाऱ्यास शिक्षा. साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा झाला तो १९५५ साली, म्हणजे आपल्याकडे नऊ वर्षे आधी. तो कायदा टिकू नये म्हणून लोक हायकोर्टात गेले. फक्त हिंदूंनाच हे बंधन का, असा त्यांचा मुद्दा होता. १९५१ साली न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला.

माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीला आम्ही माई म्हणत असू. तिला मूल नव्हते म्हणून १९४४ साली घरात सवत आली. त्या लग्नाची हळद कुटायला माईलाच बसविले होते. पुढची सारी वर्षे तिने पडवीत काढली. आजी सांगे, नव्या कायद्याची बातमी गावात आली तेव्हा माई शाळामास्तरांना जाऊन विचारून आली, की झालेल्या लग्नाला तो लागू पडतो का. नाही, असे मास्तर म्हणाले. ती घरी आली आणि गोठ्यात कामाला लागली. दोन वर्षांचा काय तो फरक. पण माईच्या धाकट्या नणंदेवर तीच पाळी आली तेव्हा सासरच्यांना कायद्याचे भय घालता आले आणि ती बाई आपल्या घरात राहिली, हेही मी ऐकले आहे.

१९४७ साली घटस्फोटाचा कायदा झाला. ज्या जातींत काडीमोडाची चाल नव्हती तेथील टाकून दिलेल्या बायकांना कोर्टाचा दरवाजा प्रथमच उघडा झाला. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सरकारमान्यता देणारा कायदा १९४९ चा, पुणे विद्यापीठही त्याच सुमाराचे. आणि खोती? ती रद्द करणारा कायदा अखेर याच खेर मंत्रिमंडळाने १९४९ साली केला. मोर्चा निघाल्याला तोवर अकरा वर्षे होऊन गेली होती.

येथेही दुसरी बाजू आहेच. ज्या वारल्यांसाठी खेरांनी सेवा मंडळ काढले, त्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले ते गोदावरी परुळेकर या बाईने. रानोमाळ हिंडून तिने ते केले. १९४६ साली खेरांच्याच सरकारने गोदावरीबाई आणि त्यांचे पती यांना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. बाळासाहेबांना आदिवासींची कणव होती यात मला शंका नाही. पण कणव वाटणे निराळे आणि त्यांनी स्वतःच उठून उभे राहणे सोसणे निराळे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी ते चौसष्टीच्या घरात होते. विधानसभेस ते उभे राहिले नाहीत. मागे मोरारजी देसाई होते, ते स्वतः निवडणुकीत थोडक्या मतांनी पडले, तरी पक्षाने त्यांनाच नेता केले आणि एप्रिल १९५२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. बाळासाहेबांनी किल्ल्या सासूने सुनेच्या हाती द्याव्या तशा दिल्या. (सगळ्याच सासवांना ते जमत नाही!) त्याच वर्षी ते भारताचे हायकमिशनर म्हणून लंडनला गेले आणि १९५४ पर्यंत तेथे होते. त्या वर्षी पद्मविभूषण किताब प्रथमच देण्यात आले, त्यांत त्यांचे नाव होते. परत आल्यावर १९५५ साली राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते कामही त्यांनी पुरे केले आणि ८ मार्च १९५७ रोजी पुण्यास त्यांचा देहान्त झाला. आपण महिला दिन करतो त्याच तारखेस. संयुक्त महाराष्ट्र पाहावयास ते राहिले नाहीत. त्यास अजून तीन वर्षे अवकाश होता.

मुंबईस मलबार हिलवर हँगिंग गार्डनला जाणाऱ्या रस्त्याला बाळासाहेब खेर मार्ग असे नाव आहे. गेल्या वर्षी लेकीबरोबर गेले तेव्हा पाटी मुद्दाम थांबून वाचली. तेथल्या कमला नेहरू बागेतून समुद्राच्या वळणापलीकडे उंच इमारतींचे टोक दिसते, ते नरिमन पॉइंट. आपले विधान भवनही १९८१ सालापासून तिकडेच आहे.