इशाऱ्याची वेगळी वाट

रक्ततपासणीत धोकादायक आकडा दिसला, की प्रयोगशाळा छापील अहवालासाठी न थांबता वॉर्डात फोन करते. ‘सी’ भाषेतल्या प्रोग्रामलाही अशी सोय आहे. ही भाषा डेनिस रिची यांची.

रिची यांचा जन्म १९४१ मध्ये न्यूयॉर्कजवळ ब्राँक्सव्हिल येथे झाला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९६७ मध्ये ते वडिलांच्याच बेल लॅब्समध्ये लागले. केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स उभी राहिली आणि १९७२ च्या सुमारास ‘सी’.

सुरुवातीला प्रोग्रामचे उत्तर आणि चुकीची सूचना एकाच वाटेने जात. लॅबमध्ये फोटोच्या कागदावर अक्षरजुळणी करणारे यंत्र होते. सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची आठवण अशी, की खटाटोप करून धुतलेल्या कागदावर कधीकधी लेखाऐवजी सुबक टायपात चुकीची सूचनाच उमटलेली असे! मग सूचनांसाठी ‘स्टँडर्ड एरर’ ही स्वतंत्र वाट आली. उत्तर फाइलीत वळवले तरी सूचना पडद्यावर दिसते. उत्तर अनेकदा साठवून पाठवले जाते, सूचना मात्र सहसा तत्काळ; प्रोग्राम मध्येच कोसळला तरी ती पोहोचलेली असते. अर्थात, लिहिणाऱ्याने सगळेच ‘प्रिंटएफ’ने छापले, तर इशारा पुन्हा निकालाच्या आकड्यांत हरवतो.

१९८३ मध्ये थॉम्पसन व रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हृदयविकार आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार घेतलेले, एकटे राहणारे रिची १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. आठवडाभर आधी स्टीव्ह जॉब्ज गेले होते. वृत्तपत्रांचे रकाने त्यांच्यावरच खर्ची पडले होते.