पेटीच्या भात्यावर विमान : एडविन लिंक

आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी एक लेख विश्वेश्वरय्यांवर, एक किर्लोस्करांवर आणि एक डॉ. कलामांवर असतोच. तिघेही थोर, त्याबद्दल वादच नाही. पण यंदा मी एका अशा माणसाबद्दल लिहिणार आहे, ज्याचं नाव आपल्या एकाही टेक्स्टबुकात नाही. त्याने स्वयंचलित पियानोच्या पार्ट्समधून जमिनीवर उडणारं विमान बनवलं!

हा माणूस मला सापडला एका भांडणातून. आम्ही चौघं डोंबिवलीत एका मित्राच्या गॅरेजमध्ये मोशन सीट बनवतोय. म्हणजे जुन्या गाडीची सीट, समोर स्क्रीन, त्यावर रेसिंगचा गेम, आणि गाडी वळली की सीटही कलली पाहिजे. भांडण एकच : मोटर कुठली? एक म्हणाला, कुर्ल्याच्या भंगारातून ट्रकच्या वायपरची २४ व्होल्टची मोटर आणू. दुसऱ्याला सर्व्होच हवी होती (बजेट कोण देणार, हे तो सांगत नव्हता). तिसरा म्हणाला, एमआयडीसीत काकांच्या वर्कशॉपमध्ये थ्री-फेज इंडक्शन मोटर पडून आहे. मी म्हटलं, जगात पहिल्यांदा हे कोणी केलं आणि त्याने कुठली मोटर वापरली, ते तरी बघू. उत्तर वाचून चौघंही गप्प. त्याने सीट हलवायला इलेक्ट्रिक मोटर लावलीच नव्हती!

एडविन अल्बर्ट लिंकचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टन गावी झाला. तो सहा वर्षांचा असताना, १९१० मध्ये, कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला आलं. तिथे वडिलांनी एक बुडालेली वाद्यांची कंपनी घेतली. थिएटरमधले ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तिथे बनायचे. आपोआप म्हणजे कसे? भोकं पाडलेला कागदाचा रोल फिरतो, भोकातून हवा ओढली जाते, छोटासा भाता मिटतो आणि सूर वाजतो. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ‘भाता’ हा शब्द मला आजोबांनी पेटी उघडून दाखवला तेव्हाच कळला. तोच भाता, फक्त हाताऐवजी व्हॅक्यूमवर चालणारा. लिंक या भात्यांमध्येच वाढला.

१९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो कॅलिफोर्नियात पहिल्यांदा विमानात शिकायला बसला. हे विमान चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी याच्या कंपनीचं होतं. फी पन्नास डॉलर, त्या काळी बरीच मोठी रक्कम. आणि शिक्षकाने काय केलं? विमान गरागरा फिरवलं, घिरट्या घातल्या आणि खाली उतरवलं. लिंकला कंट्रोलला हातसुद्धा लावू दिला नाही. मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच सुरू झाली. एवढे पैसे घेऊन जर काही शिकवत नसतील, तर आधी जमिनीवरच का शिकू नये?

पण तो तिथे थांबला नाही, उडायला शिकलाच. १९२७ मध्ये त्याने सेस्ना कंपनीने विकलेलं अगदी पहिलं विमान विकत घेतलं आणि लोकांना फेऱ्या मारून आणणं वगैरे करून पोट भरू लागला. त्याच वेळी कारखान्याच्या तळघरात त्याचा दुसरा उद्योग चालू होता. सुमारे दीड वर्ष खपून त्याने छोट्या पंखांचा एक लाकडी डबा बनवला. तो एका युनिव्हर्सल जॉइंटवर टेकवला आणि खाली चार भाते लावले. स्टिक पुढे ढकलली की व्हॉल्व्ह उघडतात, एका बाजूच्या भात्यातली हवा ओढली जाते आणि डबा नाक खाली करतो. गोल फिरवण्यासाठी ‘मोटर’ होती, पण तीसुद्धा पियानोचा रोल फिरवणारी हवेची मोटर : पाळीपाळीने मिटणारे भाते आणि एक क्रँक. वीज लागायची ती फक्त व्हॅक्यूम पंपाला. १९२९ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला.

इथे थोडं गणित करते, कारण आमचं भांडण याच गणितावर मिटलं. सीट आणि माणूस मिळून ९० किलो धरा. वजनाचा मध्य जॉइंटपासून १० सेंटिमीटर सरकलेला असेल तर नुसतं धरून ठेवायलाच सुमारे ८८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तेच अंतर २ सेंटिमीटरवर आणलं तर १८ पुरतो! म्हणजे आधी मोटर नाही, टेकू निवडायचा. लिंकचा डबा जॉइंटवर तोललेला होता, म्हणून हवेवर हलायचा. आणि हवाही काही कमी नसते. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या भात्यात वातावरणाच्या दाबापेक्षा फक्त एक टक्का कमी दाब केला तरी सुमारे नऊ किलोची ओढ मिळते. शिवाय भाता मऊ असतो, दिशा बदलताना झटका देत नाही.

आमच्या सीटचं खरं दुखणं हेच आहे. पंख्याला, पंपाला एकाच दिशेने फिरायचं असतं. सीटला सेकंदा-सेकंदाला थांबून उलटं फिरायचं असतं. इंडक्शन मोटर यासाठी जड, आणि वेग बदलायला तिला ड्राइव्ह वेगळा हवा. वायपर मोटरमध्ये वर्म गिअर असतो, त्यामुळे टॉर्क भरपूर आणि वीज गेली तरी सीट धाडकन पडत नाही. मात्र गिअरच्या दातांमध्ये थोडी ढिलाई असते, ती प्रत्येक उलट्या फेरीला जाणवते. मिनिटाला ६० फेरे आणि ५ सेंटिमीटरचा क्रँक धरला तर टोकाला सेकंदाला ३१ सेंटिमीटर वेग मिळतो. गेमसाठी एवढं बास. शेवटी दोन वायपर मोटरच ठरल्या. शाफ्ट कुठे आहे हे सांगायला प्रत्येकीवर एक पोटेन्शिओमीटर. सर्व्होवाला अजून रुसलेला आहे.

असो. लिंककडे परत येऊ. विमान शिकवणाऱ्या शाळांनी त्याच्या यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घेतलं कोणी? जत्रेवाल्यांनी! सुरुवातीची बरीचशी यंत्रं अम्युझमेंट पार्कांत गेली. नाणं टाका आणि विमानात बसल्याची मजा घ्या. मंदीच्या त्या दिवसांत लिंक रात्री विमानाच्या पंखांखाली दिव्यांची अक्षरं लावून जाहिराती करत फिरायचा. ते दिवे चालू-बंद करायलाही त्याने पियानोच्या रोलचीच युक्ती वापरली. १९३१ मध्ये त्याने मॅरियन क्लेटन या पत्रकार मुलीशी लग्न केलं. पुढे धंद्याचा मोठा भार तिनेही सांभाळला.

मग आलं १९३४. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फेब्रुवारीत खासगी कंपन्यांची विमानटपालाची कंत्राटं रद्द केली आणि टपाल लष्करी वैमानिकांकडे दिलं. हिवाळा, धुकं, रात्र, आणि या पोरांना जमीन बघून उडायची सवय. काही आठवड्यांतच सुमारे डझनभर वैमानिक मेले.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपण कल्याण फास्टमध्ये उभे असतो, गाडी सुटते आणि आपण मागे जातो. डोळे मिटले तर गाडीने वेग घेतला की डबा मागे कलला, हे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला नुसत्या जाणिवेवरून ठरवता येत नाही. आमची सीट याच फसवणुकीवर चालते. सीट मागे कलवली की मेंदूला वाटतं गाडी पळतेय. पण ढगातल्या वैमानिकाला हीच फसवणूक मारते. विमान हळूहळू वळत खाली चाललेलं असतं आणि शरीर सांगतं, सगळं सरळ आहे. उपाय एकच, शरीरावर नाही तर काट्यांवर विश्वास ठेवायचा. ही सवय लिंकच्या झाकण बंद केलेल्या डब्यात लागायची. आत अंधार, समोर फक्त मीटर, आणि बाहेर शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचं एक शाईचं यंत्र विद्यार्थ्याचा मार्ग नकाशावर काढत जायचं. तिथे चुकलं तर फक्त शाईची रेघ चुकायची.

लष्करी अधिकारी लिंकला भेटायला नेवार्कच्या विमानतळावर आले होते. हवा इतकी खराब की तो येणारच नाही असं समजून ते निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात धुक्यातून लिंकचं विमान उतरलं. याहून चांगलं प्रेझेंटेशन आपल्या कुठल्याही व्हायव्हात झालेलं नसेल! जूनमध्ये लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रं घेतली. पुढे जपानच्या नौदलानेही घेतली, युद्धाच्या आधी. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांच्या वर यंत्रं बनली आणि पाच लाखांहून जास्त वैमानिक त्यांत शिकले. निळा रंग आणि पिवळे पंख, म्हणून पोरं त्याला निळा डबा म्हणत.

१९५४ मध्ये त्याने कंपनी विकली आणि समुद्राकडे वळला. पाण्याखाली माणूस जास्त वेळ कसा राहील, याचे प्रयोग त्याने १९६२ मध्ये आधी स्वतःवर केले. १९७१ मध्ये जॉन्सन सी लिंक ही छोटी पाणबुडी आली. तिच्या पुढच्या भागात जाड अॅक्रिलिकचा पारदर्शक गोल होता आणि मागे अॅल्युमिनियमची खोली.

१७ जून १९७३ रोजी फ्लोरिडात की वेस्टजवळ ही पाणबुडी एका बुडवलेल्या युद्धनौकेच्या सांगाड्यात अडकली. आत चौघं होते. वर काढायला एक दिवसाहून जास्त वेळ गेला. पुढचे दोघे वाचले, कारण अॅक्रिलिकमधून उष्णता सहज बाहेर जात नाही. अॅल्युमिनियमची खोली मात्र समुद्राइतकी गार पडली. थंडीत कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन नीट काम करेना आणि मागचे दोघे गेले. त्यातला एक लिंकचा मुलगा क्लेटन, ३१ वर्षांचा. मटेरियल्सच्या तासाला थर्मल कंडक्टिव्हिटीचं टेबल मी पाठ केलं होतं. आता तो अॅल्युमिनियमचा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

लिंक तेव्हा जवळपास ६९ वर्षांचा होता. काम त्याने सोडलं नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसाशिवाय जाऊन तिला सोडवू शकेल असं केबलवर चालणारं यंत्र त्याने बनवायला घेतलं आणि पूर्ण केलं. ७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टनमध्येच तो वारला.

आमच्या सीटचा मोटर बंद करायचा स्विच डिझाइनमध्ये फक्त लॅपटॉपशेजारी, म्हणजे बाहेरच्या माणसाजवळ होता. क्लेटनबद्दल वाचल्यावर मी हट्टच धरला. आता दुसरा लाल स्विच सीटच्या उजव्या हाताशी बसवलाय, थेट बॅटरीच्या वायरवर, मध्ये कुठलंही सॉफ्टवेअर नाही. ट्रायल परीक्षा संपल्यावर, आणि पहिल्यांदा मी बसणार आहे.