१४ ऑक्टोबरला गेलेला माणूस : र. धों. कर्वे

१४ ऑक्टोबर म्हटलं की आपल्याला दीक्षाभूमी आठवते. पण १९५६ च्या त्या दिवसाच्या बरोबर तीन वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथ धोंडो कर्वे गेले. हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधायचं कारण नाही. तरी आपल्या तरुणांना हा माणूस माहीत असायला हवा. लोक ज्याची सावली टाळत होते, त्याचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं होतं.

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना आई, राधाबाई, गेली. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि कोकणातल्या मुरुड गावानं कर्वे घराण्यावर बहिष्कार टाकला. रीत मोडून लग्न केलं की गाव कसं वागतं, हे या मुलानं अकराव्या वर्षीच पाहिलं. आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शिक्षण पुण्यात. विषय गणित, पुढचा अभ्यास पॅरिसला, नोकरी मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकाची. पगार होता, मान होता. पण बाई किती वेळा बाळंत होणार हे तिला ठरवता आलं पाहिजे, असं ते उघड बोलू लागले. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते परवडलं नाही आणि नोकरी गेली.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना उघडला तेही याच वर्षी, म्हणजे आपल्याकडचं हे काम जगाच्या मागं नव्हतं. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. तो काळ सहा-सात बाळंतपणं साधी गोष्ट समजली जाण्याचा होता.

१५ जुलै १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक निघालं. लिहिणं, छपाईचं बघणं, वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणं, बरंचसं एकट्यानं. लोक घरात जे विचारू शकत नव्हते ते या मासिकाला विचारत. कर्वे आडपडदा न ठेवता शास्त्रीय उत्तर देत. कामसुखावर पुरुषाइतकाच बाईचाही हक्क आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिलं. संततिनियमनापेक्षा लोकांना हेच जास्त झोंबलं असावं, असं मला वाटतं. १९३१ साली अश्लीलतेचा खटला झाला आणि दंड बसला.

दुसरा खटला १९३४ चा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी कोर्टात बाबासाहेब उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेलेले, मागे कामाचा डोंगर. अशा वेळी अश्लील ठरवलेल्या मासिकाची बाजू घेणं राजकारणाच्या हिशेबात तोट्याचंच होतं. लैंगिक प्रश्नावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही आणि विचारणाऱ्याला ज्ञान मिळालं पाहिजे, ही त्यांची मांडणी होती. खटला हरले. २०० रुपये दंड झाला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३५ मध्ये, मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला आपल्या वर्ध्याला आल्या. गांधीजींचा उपाय ब्रह्मचर्याचा, साधनांना त्यांचा विरोध. शेतावरून दमून आलेल्या बाईला नवऱ्यापुढं ब्रह्मचर्य कसं पाळता येणार, हा प्रश्न तिथंच राहिला.

बाबासाहेबांनी तो सोडला नाही. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला गेला. तो फेटाळला गेला. मग २० जुलै १९४२ ला आपल्या नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तिथं जमलेल्या हजारो बायांना बाबासाहेबांनी सांगितलं की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, जास्त मुलं होऊ देऊ नका, नवऱ्याशी बरोबरीनं वागा. कर्व्यांचं मासिक वाचता येणाऱ्यांपर्यंत पोचलं होतं. तोच विषय मजूर बायांसमोर भर सभेत बोलला गेला तो इथं. कर्व्यांना जातीचं कवच होतं, उपाशी राहायची वेळ आली तरी त्यांची वस्ती कुणी जाळणार नव्हतं, हेही लक्षात ठेवू. त्यानं त्यांचं धाडस कमी होत नाही.

आता आपलं बघा. आपल्याकडं लग्न त्रिशरण-पंचशील घेऊन लागतं. कन्यादान नाही, मुहूर्त नाही. पण हळद उतरायच्या आत सासू विचारू लागते, गोड बातमी कधी? वर्षभरात पाळणा हलला नाही तर जोडपं काटोल, उमरेड, भिवापूरकडून एसटीनं रामदासपेठेत येतं. इथं गल्लीगल्लीत दवाखान्यांच्या पाट्या आहेत. कामानिमित्त मी इथल्या बाकड्यांवर अशा जोडप्यांशी बोलत बसते. तपासणीच्या फायली बहुतेक सुनेच्या नावाच्या असतात. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा विषय निघाला की सोबत आलेला मोठा भाऊ उठून चहाला जातो.

आणि मुलं झाली की ऑपरेशन कोणाचं? पुन्हा तिचंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी सुमारे ३८ टक्के बायांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची, त्याच दिवशी घरी जाता येतं. तरी आशाताईनं विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं : त्याला जड काम करावं लागतं. निंदण-खुरपण आणि कापूस वेचणं हे जणू हलकं काम! हे वाक्य मी निळ्या झेंड्याखाली राहणाऱ्या घरांतही ऐकलं आहे, जयंतीच्या वर्गणीत पुढं असलेल्या पोरांकडूनही.

कर्वे अखेरपर्यंत अंक काढत राहिले. १९५२ साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ते सत्तरीत होते. ज्या कामासाठी त्यांची नोकरी गेली, ते काम आता सरकार करणार होतं. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा, त्यांच्या मृत्यूनंतरचा. वडील महर्षी कर्वे त्यानंतरही नऊ वर्षं जगले.