नामदेवरायांचे मागणे आणि देवाचे देणे

वारकरी मंडळींत एक गाऱ्हाणं आम्ही नेहमी ऐकतो. इतक्या वाऱ्या केल्या, एकादशी चुकविली नाही, पण मृगाचा पाऊस आला नाही. नवस बोललो, तरी लेकरू हाती लागलं नाही. मग देव ऐकतो हे खरं कसं मानावं? हा प्रश्न दुखावलेल्या जिवाचा आहे. त्यास कोरडे शास्त्र सांगण्यापेक्षा नामदेवरायांचे चरित्र पाहावे, असे आम्हांस वाटते.

बिलोलीहून नांदेडला जाताना नायगाव तालुक्यातली नरसी लागते. नामदेवरायांची नरसी ही नव्हे. ती नरसी-बामणी, हल्लीच्या हिंगोली जिल्ह्यातली. तेथे 1270 साली, कार्तिक शुद्ध एकादशीस, दामाशेटी शिंपी व गोणाई यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला अशी परंपरा आहे. बाळपणीच घरचा नैवेद्य घेऊन ते राउळात गेले. देव जेवीना, तेव्हा पोर हट्टास पेटले. आणि पांडुरंग जेवले. ही कथा आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. मागितले आणि तत्काळ मिळाले, असे हे पहिले मागणे.

पण पुढे काय झाले ते पाहा. संतमेळ्यात तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले. बाकीचे संत मुकाट बसले. नामदेवांस मात्र राग आला आणि काकांनी त्यांना कच्चं मडकं ठरविलं. देव ज्याच्याशी बोलतो, तोच कच्चा! नामदेव तडक पंढरीस धावले. देव आपली बाजू घेईल, अशी त्यांची खात्री होती. देवाने बाजू घेतली नाही. गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे धाडले.

औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी ते पाय उचलून जिकडे ठेवावे तिकडे पिंडी उभी राहिली. देव एका जागी नाही, सगळीकडे आहे, हे तेव्हा उमगलं. नामदेवांनी मागितला होता मान, आणि मिळाला गुरू. त्या दिवशी मान मिळाला असता, तर मडकं कच्चंच राहिलं असतं.

तिसरा प्रसंग याहून कठीण. तीर्थयात्रेत ज्यांचा संग लाभला, त्या ज्ञानोबारायांनी 1296 साली आळंदीस समाधी घेतली. नामदेवांचे वय तेव्हा सव्वीस. त्यांना तो वियोग सोसवेना. देव जवळ होता, तरी गेलेला सखा परत आला नाही. येथे आम्ही कोणास समजूत घालीत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला असली समजूत लागू पडत नाही. एवढेच दिसते, की नामदेवांनी रडूनही देवाचे नाव सोडले नाही. पुढे चोपन्न वर्षे ते जगले. टाळ-वीणा घेऊन पार पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी राहिले. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्याच ग्रंथास 1708 साली आपल्या नांदेडात गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद दिले. म्हणजे आज नांदेडच्या गुरुद्वारात ज्यापुढे मस्तक नमते, त्यात आपल्या मराठवाड्याच्या शिंप्याचीही वाणी आहे. आळंदीस रडणाऱ्या नामदेवांना हे कोणी सांगितले असते तर पटले असते काय?

शेवटचे मागणे पाहा. परंपरा सांगते, की संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनी महाद्वारातली पायरी मागितली, आणि 1350 साली, आषाढ वद्य त्रयोदशीस तेथेच देह ठेवला. मी पक्का आहे असे सांग, म्हणून जो धावला होता, तोच आता पायाखालची जागा मागतो. हे मागणे देवाने तसेच्या तसे पुरविले.

म्हणून वारकरी बंधूंनो, मागायचं ते खुशाल मागा. पाऊस मागा, लेकराचं आयुष्य मागा, रुसा, भांडा. नामदेवांनीही तेच केलं. मात्र हवं ते मिळालं नाही म्हणून माळ खुंटीस टांगू नका. पुढच्या वारीत महाद्वारी जाल, तेव्हा त्या पायरीस हात लावून घटकाभर थांबा, आणि मग आत जाऊन आपलं मागणं पुन्हा पांडुरंगाच्या कानी घाला.