रिलेमागचा माणूस : जोसेफ हेन्री

८०५१ ची पिन जेमतेम एलईडी पेटवते. २३० व्होल्टचा पंप तिच्या जिवावर कसा चालणार? मध्ये रिले लागतो. त्याची कल्पना जोसेफ हेन्रीची.

हेन्रीचा जन्म १७९७ साली अमेरिकेत ऑल्बनीला, गरीब घरात. वडील लवकर गेले, पोरगा घड्याळजीकडे उमेदवारीला लागला. पुढे तिथल्याच अकॅडमीत तो शिक्षक झाला. १८३१ मध्ये त्याने मैलभर तारेतून करंट पाठवून घंटा वाजवली. पण तार लांबली की करंट दुबळा होतो. त्यावर १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनला त्याने तोड काढली. दुबळ्या करंटने फक्त एक छोटा स्विच हलवायचा. जड काम दुसऱ्या बॅटरीच्या स्वतंत्र सर्किटने करायचं. दोन्ही सर्किटं तारेने कुठेच जोडलेली नाहीत. आयसोलेशन म्हणतात ते हेच!

पेटंट मात्र त्याने घेतलं नाही. टेलिग्राफचं नाव आणि पैसा मॉर्सला मिळाला. हेन्री १८७८ मध्ये गेला. १८९३ मध्ये इंडक्टन्सच्या युनिटला त्याचं नाव दिलं गेलं.

रिले बंद होताना कॉइल जो झटका मारते, त्यामागचं सेल्फ इंडक्शनही त्यानेच १८३२ मध्ये मांडलं होतं. तेव्हा कॉइलला उलटा डायोड लावायला विसरू नका. नाहीतर हेन्रीसाहेब ट्रान्झिस्टर उडवून स्वतःची आठवण करून देतील!