म्हशी बाहेर काढल्या आणि तळंच गुदमरलं! सलीम अलींचा अंदाज कुठे चुकला?

१९३१ साली नांदेड, लातूरसह सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातल्या पक्ष्यांची पहिली मोठी पाहणी ज्यांनी केली, ते सलीम अली तेव्हा बेरोजगार होते. त्यांनी पगार मागितला नाही, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च मागितला. पत्नी तेहमिनाही सोबत निघाल्या.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींचे आईवडील लहानपणीच वारले. मामांनी त्यांना वाढवलं. छर्ऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचा नाद लागला तो कायमचा. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं गाजलेलं पुस्तक आलं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

राजस्थानातल्या भरतपूरची पाणथळ जागा वाचवण्यासाठी ते अनेक वर्षं झटले. गुरांच्या चराईमुळे तिथल्या पक्ष्यांना त्रास होतो, असं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये तिथे चराईबंदी लागू झाली. गावकरी आणि पोलिसांचा संघर्ष पेटला, गोळीबारात माणसं मेली.

पुढे काय झालं? म्हशी गेल्या आणि पाण्यातलं गवत बेसुमार माजलं. उघडं पाणी आक्रसलं. मासे आणि बदकं, दोघांनाही जागा कमी पडू लागली. हे कुणी शोधलं? सलीम अलींच्याच सोसायटीच्या दीर्घ अभ्यासानं. त्याचा अंतिम अहवाल येण्याआधीच, १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

असं का घडलं? तळ्यातली अन्नसाखळी एका सरळ रेषेत चालत नाही, ती जाळ्यासारखी असते. शेवाळावर आणि कुजलेल्या पाल्यावर किडे-गोगलगायी जगतात, त्यांच्यावर मासे, माशांवर बगळे आणि पाणकावळे. भरतपूरमध्ये गवत खाऊन पाणी मोकळं ठेवणाऱ्या म्हशीही त्याच जाळ्याचा धागा होत्या. म्हणजे माणसाचा प्रत्येक वावर घातक नसतो.

पण काही ताण मात्र हे जाळं फाडतातच. सांडपाणी पाण्यात आलं की जलपर्णी फोफावते, पाण्यातला ऑक्सिजन घटतो, मासे मरतात. वाळू उपसली की तळाशी राहणारे जीव जातात. नांदेडची गोदावरी असो किंवा लातूरची मांजरा, नियम हाच. मांजरा धरण कोरडं पडल्यावर २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसांसाठी रेल्वे आली. पाण्यातल्या जिवांसाठी अशी सोय नसते.

छत्रपती संभाजीनगरमध्ये आज एका तलावाला सलीम अलींचं नाव आहे. पण त्यांचा खरा वारसा म्हणजे नोंदवही. आधी मोजायचं, मग ठरवायचं. भरतपूरमध्ये चराईबंदी आधी आली आणि तिचे परिणाम नंतर मोजले गेले. त्याची किंमत गावकऱ्यांनी मोजली आणि पक्ष्यांनीही.